शुक्रवारच्या तारखेचा पेपर

मेधा दिवेकरच्या नजरेतून चूक सुटत नाही, हे ॲमस्टरडॅमजवळच्या उइटहॉर्नमधल्या झाडून सगळ्या मराठी घरांना माहीत होतं, कारण ते तिनंच त्यांना सांगितलं होतं. मंडळाच्या गणपतीची पत्रिका व्हॉट्सॲपवर पडायचा अवकाश, पाचव्या मिनिटाला बाईंच्या दुरुस्त्या हजर. तिचा नवरा शिरीष म्हणायचा, “तुला वाणसामानाची यादी लिहून द्यायची म्हटलं तरी माझा हात थरथरतो.” मेधाला तो टोमणा वाटायचाच नाही. ती तो कौतुक म्हणून ठेवून घ्यायची आणि यादीतली ‘कोथिंबिर’ दुरुस्त करून टाकायची.

बरं, तिचा तोरा अगदीच फुकाचा होता असंही नाही. पुण्यातल्या एका दैनिकाच्या डेस्कवर बारा वर्षं काढली होती तिनं. बातमीदारांनी काहीबाही लिहून आणायचं आणि हिनं ते माणसांनी वाचण्याजोगं करायचं. मग शिरीषला नेदरलँड्समध्ये नोकरी लागली आणि ती ‘डिपेंडंट’ म्हणून त्याच्यामागून आली. तो शब्द तिला असा काही झोंबला, की पहिल्या वर्षात ती वाऱ्याच्या विरुद्ध सायकल हाणायला शिकली, पुढच्या दोन वर्षांत डच शिकली, आणि मिळेल ते काम करत करत शेवटी विद्यापीठातल्या एका संशोधन प्रकल्पात जाऊन बसली. हुद्दा कोडर.

हुद्दा ऐकून मंडळातल्या बायका म्हणाल्या, “अय्या, तूपण सॉफ्टवेअरमध्ये?” सॉफ्टवेअर कसलं आलंय! हे कोडिंग म्हणजे वाचनाचं काम. स्कॉटलंडच्या संसदेची मे महिन्यात निवडणूक झाली होती, आणि त्या प्रचाराला वळण दिलं कुणी, वर्तमानपत्रांनी की फेसबुकसारख्या माध्यमांनी, हे या प्रकल्पाला शोधायचं होतं. त्यासाठी सहा दैनिकं, एकोणीस साप्ताहिकं आणि हजारो पोस्टी कुणीतरी डोळ्यांनी वाचायच्या, आणि प्रत्येकीपुढे खुणा करायच्या: विषय काय, सूर कसला, नाव कुणाचं, माहिती कुठून आली, तारीख आणि वेळ काय. ते कुणीतरी म्हणजे मेधा. पुढे मेधाचे तक्ते अंबरीशकडे जायचे.

हा अंबरीश मूळचा नाशिकचा, एकतिशीचा, डॉक्टरेट होऊन इथेच संशोधक म्हणून लागलेला, राहायला ॲमस्टरडॅमच्या बुइटनव्हेल्डर्ट भागात. पोरगा हुशार. त्यानं एक गणिती मॉडेल केलं होतं. तक्ते त्यात घातले की कुणी आधी बोललं आणि कुणी मागाहून री ओढली, ते तासांच्या हिशेबात बाहेर यायचं. आणि बाहेर आलेलं उत्तर मोठं झोकदार होतं: आधी सोशल मीडिया, मग वर्तमानपत्रं. साधारण चौदा तासांचं अंतर. सोमवारी अहवालावर शेवटचा हात फिरायचा होता आणि शुक्रवारी द हेगमध्ये पत्रकारांसमोर तो प्रसिद्ध व्हायचा होता.

सोमवारी सकाळी मेधा आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तळटिपा तपासत बसली होती. अहवालाचं तिसरं प्रकरण सगळं एकाच घटनेवर होतं. हेल्मसे नावाचं बेट, वस्ती नऊशे. तिथल्या मतदारसंघात इअन रिची नावाचा तरुण उमेदवार उभा होता आणि निवडून येणार असं सगळे धरून चालले होते. मतदानाच्या तीन आठवडे आधी बोभाटा झाला, की हा निवडून आला तर हिवाळ्यात बेटाची फेरीबोट बंद करणार. मुळात तो इतकंच म्हणाला होता, की वादळाच्या दिवसांत आठवड्यातून दोनदा मोठीऐवजी छोटी बोट चालवून बघू. पण खुलासा येईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. रिची दोनशे अकरा मतांनी पडला.

आणि हे सुरू केलं कुणी? तर शीना नावाच्या एका बाईनं. शाळेत स्वयंपाकीण म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेली. गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तिनं फेसबुकवर लिहिलं, “आत्ताच वाचलं. हिवाळी वेळापत्रकाचा मुळापासून फेरविचार करून फेरीसेवा थांबवण्याचे संकेत म्हणे. माझ्या नवऱ्याला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला पलीकडे न्यावं लागतं. खरं असेल तर माझं मत इअनला नाही.” अकरा हजार लोकांनी ते पुढे पाठवलं. शुक्रवारी तिथल्या ‘हेल्मसे कुरिअर’ या साप्ताहिकात पहिल्या पानावर बातमी आली, शनिवारी मोठ्या दैनिकांनी ती उचलली, आणि निवडणूक संपल्यावर त्याच कुरिअरनं अग्रलेख लिहिला की समाजमाध्यमांवरच्या बेजबाबदार पोस्टींनी आपल्या बेटाची लोकशाही नासवली.

अहवालात शीनाचं नाव नव्हतं. ‘बेटावरील एका निवृत्त शालेय स्वयंपाकिणीची पोस्ट’ एवढंच होतं. आता नऊशे वस्तीच्या बेटावर निवृत्त शालेय स्वयंपाकिणी असणार किती? तिची शेवटची पोस्टही मेधानंच वाचली होती. “माझ्यामुळे झालं असं सगळे म्हणतात. मला घरी येऊन बोलू नका, नवरा आजारी आहे. मी इथून जाते.” त्या ओळींपुढे मेधानं खूण केली होती, वर्ग सात, माघार. आणि पुढच्या ओळीकडे गेली होती.

आज तळटीप जुळवताना ती शीनाची पहिली पोस्ट पुन्हा वाचत होती, आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

“हिवाळी वेळापत्रकाचा मुळापासून फेरविचार करून फेरीसेवा थांबवण्याचे संकेत.”

असं कोण बोलतं? घरातलं माणूस असं बोलतं का कधी? नवऱ्याचा डायलिसिस, ही तिची भाषा. माझं मत इअनला नाही, हीसुद्धा तिचीच. पण फेरविचार? संकेत? मेधानं बारा वर्षं हेच दगड फोडले होते. ‘संकेत’ हा शब्द जगात फक्त बातमीदार वापरतात, तोसुद्धा पक्की माहिती नसते तेव्हा. तिनं शुक्रवारचा कुरिअर उघडला. दुसऱ्या परिच्छेदात तेच वाक्य, शब्दाला शब्द.

अंबरीशच्या मॉडेलचं म्हणणं असं, की कुरिअरनं शीनाचं वाक्य उचललं. छे, काहीतरीच! बातमीदार आळशी असतात हे मेधाला कुणी सांगायला नको, पण स्वयंपाकिणीनं बातमीदारासारखं लिहावं आणि मग बातमीदारानं तिची नक्कल करावी? शीनानं ते वाचलं होतं. “आत्ताच वाचलं” असं बिचारी पहिल्या दोन शब्दांत सांगत होती, आणि ‘माहिती कुठून आली’ या रकान्यात मेधानं काय भरलं होतं? ‘उल्लेख नाही.’

पण शुक्रवारचा पेपर गुरुवारी दुपारी वाचणार कसा?

मेधानं चहाचा कप खाली ठेवला. ती स्वतः पुण्यात रविवारची पुरवणी शुक्रवारी छापून मोकळी व्हायची. लांबच्या गावांना जाणारी डाक आवृत्ती तर संध्याकाळीच निघायची, आणि तिच्यावर तारीख असायची दुसऱ्या दिवसाची. अंकावरची तारीख आणि वाचकाच्या हातातली तारीख वेगळी असते, हे ज्या एका माणसाला या प्रकल्पात ठाऊक असायला हवं होतं, ते माणूस म्हणजे ती. आणि प्रकल्पाच्या नियमावलीतला चौदावा नियम, ‘अंकावर छापलेली तारीख हीच प्रसिद्धीची तारीख धरावी’, लिहिला होता कुणी? अंबरीश तेव्हा म्हणाला होता, एकदा खात्री करून घेऊ या का? त्यावर ही ठसक्यात म्हणाली होती, “अरे, छापलेल्या तारखेवर कसला संशय घेतोस? मी पेपरात होते.”

“मूर्ख बाई!” मेधा स्वतःला मोठ्यानं म्हणाली.

मग तिनं पदर नसताना पदर खोचला आणि हेल्मसे बेटावरच्या धक्क्याजवळच्या दुकानाचा नंबर शोधून सरळ फोन लावला. पलीकडून एका म्हाताऱ्याचा आवाज आला. तो काय बोलला त्यातलं तिला निम्मंच कळलं, पण कुणाला घाबरून फोन ठेवणाऱ्यांतली ती नव्हे.

“मला फक्त एक सांगा. तुमच्याकडे शुक्रवारचा कुरिअर कधी येतो?”

“गुरुवारी.” म्हाताऱ्याला प्रश्नच वेडगळ वाटला. “पावणेबाराच्या बोटीनं. बारा वाजता रांग लागते. शुक्रवारी कोण घेणार? शुक्रवारपर्यंत शिळा होतो की.”

“नेहमीच?”

“मी चाळीस वर्षं दुकान चालवतोय बाई. तुम्ही बोलताय कुठून?”

मेधानं सांगितलं. म्हातारा म्हणाला, हॉलंडहून पेपर मागवायचा असेल तर टपालखर्च तुमचा. मेधानं त्याचे आभार मानले आणि पंचवीस नंबरच्या ट्रामनं थेट ॲमस्टरडॅम गाठलं.

अंबरीश ऐकून घेत होता तोवर ठीक होता. मग त्याचा चेहरा उतरला.

“मेधाताई, एका पेपरचं असेल तसं. हजारो नोंदींत एक नोंद इकडची तिकडे झाली तर मॉडेलला ढिम्म फरक पडत नाही.”

“एक नाही रे. एकोणीस साप्ताहिकं आहेत. सगळ्यांची तारीख मी त्याच नियमानं भरली आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुझे चौदा तास माझ्या चुकीतून आलेले असू शकतात.”

तो खुर्चीत मागे रेलला. वर्षभराची मेहनत होती पोराची. पुढची नोकरी या अहवालावर अवलंबून होती, नाशिकला आईवडिलांना त्यानं द हेगच्या कार्यक्रमाची लिंकसुद्धा पाठवून ठेवली होती. मेधाला ते सगळं माहीत होतं आणि वाईटही वाटत होतं.

“आपण असं करू,” तो म्हणाला. “शुक्रवारी आहे तो अहवाल जाऊ दे. नंतर तपासू. काही निघालंच तर महिन्याभरात वेबसाइटवर दुरुस्ती टाकू. सगळे तसंच करतात.”

“नाही,” मेधा म्हणाली.

ती एवढ्या ठामपणे का म्हणाली, ते अंबरीशला कळेना. मग तिनं त्याला जे सांगितलं, ते शिरीषलाही कधी सांगितलेलं नव्हतं. डेस्कवरच्या तिसऱ्या वर्षी पेपरफुटीची एक बातमी तिच्या हाताखालून गेली होती. अटक झालेल्या शिक्षकाचं नाव बातमीदारानं दिलं होतं, शाळा दिली नव्हती. त्या नावाचा एक शिक्षक मेधाला माहीत होता, रवींद्र साठ्ये. तिनं आपल्या हुशारीनं शाळेचं नाव घातलं. माणूस दुसराच निघाला. दुसऱ्या दिवशी पाचव्या पानावर, हवामानाच्या खाली, चार ओळींची दिलगिरी. तिसऱ्या दिवशी साठ्ये सर ऑफिसात आले. त्यांनी दोन कात्रणं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली, एक तळहाताएवढं आणि एक अंगठ्याएवढं. ओरडले नाहीत, काही नाही. फक्त म्हणाले, “हे त्याच्याएवढं छापता येणार नाही का?” मुख्य उपसंपादक बाळासाहेबांनी त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. सरांनी वर्षअखेर नोकरी सोडली.

“दुरुस्ती कुणी वाचत नाही, अंबरीश,” मेधा म्हणाली. “ती बाई एका बेटावर दार लावून बसली आहे. शुक्रवारी आपण विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी सांगणार, की हो, हिच्यामुळेच झालं. मग ती मेली तरी तिच्या मागं तेच राहील. आपल्याकडे चार दिवस आहेत. मला दोन दे.”

“आणि खापर कुणावर फुटणार?”

“माझ्यावर. नियम माझा आहे. तू विचारलं होतंस, मी उडवून लावलं होतं. योहानाला तसंच सांग.”

योहाना म्हणजे हा प्रकल्प चालवणारी प्राध्यापक. अंबरीशनं तिला तसं सांगितलं नाही. ‘आपल्याकडून एक चूक राहिली’ असं सांगितलं. मेधा तिथेच उभी होती, तिनं लगेच ‘आपल्याकडून’ खोडलं आणि ‘माझ्याकडून’ केलं. योहानानं दोघांकडे पाहिलं, बुधवार संध्याकाळपर्यंत मुदत दिली, आणि एवढंच म्हणाली की उत्तर काहीही आलं तरी तेच छापायचं.

मंगळवारपासून दिवेकरांच्या स्वयंपाकघराचं कॉलसेंटर झालं. उरलेली अठरा गावं, अठरा फोन, आणि प्रत्येक गावाचं इंग्रजी निराळं. तिसऱ्या फोनला मेधानं हात टेकले. तिच्या सतरा वर्षांच्या मुलीला, आर्याला, ते बोलणं मात्र सरळ कळायचं. दिवसभर कुठले कुठले व्हिडिओ बघते त्याचा एवढा तरी उपयोग. आर्यानं कॉलेजातून आल्यावर स्पीकर लावला आणि आईशेजारी ठाण मांडलं.

“आई, तो म्हणतोय बुधवारी संध्याकाळी येतो,” ती डचमध्ये म्हणाली. “आणि तुला विचारतोय की तू पोलीस आहेस का.”

“नाही म्हणावं. पण पोलिसांपेक्षा चिवट आहे.”

आर्यानं ते जसंच्या तसं भाषांतर करून सांगितलं आणि पलीकडचा माणूस खो-खो हसला. त्यानं मग जुन्या पावत्याही काढून पाठवल्या. शिरीष संध्याकाळी घरी आला तर मायलेकी वहीत रकाने भरत बसलेल्या आणि गॅसवर काही नाही. त्यानं मुकाट्यानं खिचडी टाकली. जेवताना मेधानं त्याला सगळं सांगितलं, साठ्ये सरांसकट. तो म्हणाला, “मग शुक्रवारी तू स्वतः बोल. अंबरीशला बोलायला लावू नकोस.”

बुधवारी दुपारी वही पुरी झाली. एकोणिसातली चौदा साप्ताहिकं छापलेल्या तारखेच्या आदल्या दिवशी दुपारीच लोकांच्या हातात पडत होती, आणि वेबसाइटवर बातमी मुद्दाम उशिरा टाकत होती, आधी कागद खपावा म्हणून. अंबरीशनं नवीन तारखा मॉडेलमध्ये घातल्या. मेधा त्याच्या खांद्यामागे उभी होती. आकडा आला तसा तो पडद्याजवळ सरकला.

“सांग की.”

“उलटं झालं, ताई.” त्यानं पडदा तिच्याकडे वळवला. “बेटांवर आणि लहान गावांत आधी पेपर. साडेचार तासांनी सोशल मीडिया. मग मोठी दैनिकं, आणि ती म्हणतायत की सोशल मीडियावर वादळ उठलंय.” त्यानं आकडा पुन्हा एकदा वाचला. “हे आधीच्यापेक्षा चांगलं आहे. च्यायला, हे तर खूपच चांगलं आहे!”

“शिव्या नको देऊस,” मेधा म्हणाली, आणि तिनंही मनात एक दिलीच.

गुरुवारभर दोघांनी तिसरं प्रकरण नव्यानं लिहिलं, आणि शुक्रवारी सगळे द हेगला पोचले. सभागृहात पंचवीसेक पत्रकार होते, त्यातले सात स्कॉटलंडहून आलेले, आणि पडद्यावर आणखी पाचसहाजण घरबसल्या. त्यात कुरिअरचे संपादकही होते, पांढऱ्या दाढीचे. योहानानं प्रास्ताविक केलं आणि मेधाचं नाव घेतलं. मेधा पैठणी नेसावी की काय या विचारात होती, पण शेवटी साधी निळी खादी नेसली होती. माइक खाली करून ती बोलायला उभी राहिली.

“मी निष्कर्षांच्या आधी माझी चूक सांगणार आहे,” ती म्हणाली. “तुम्ही सगळे शेवटी सांगता, लहान अक्षरांत. मीही बारा वर्षं तसंच केलं.”

तिच्यामागे पडद्यावर पहिलंच पान होतं, चुकीच्या कबुलीचं. अख्ख्या पानभर मोठ्या अक्षरांत: आम्ही कुठे चुकलो. तिनं चौदावा नियम वाचून दाखवला, तो कुणी लिहिला ते सांगितलं, डाक आवृत्ती म्हणजे काय ते समजावलं. मग कुरिअरचं पहिलं पान दाखवलं आणि धक्क्यावरच्या दुकानात ते किती वाजता आलं ते सांगितलं. “बेटावरच्या ज्या पोस्टवर सगळे खापर फोडतात, ती चार तासांनंतरची आहे. त्या बाईनं काहीही रचलं नाही. तिनं तुमचा पेपर वाचला, आणि तुमच्यावर विश्वास ठेवला.”

सभागृहात कुजबुज झाली. पडद्यावरच्या संपादकांनी घसा खाकरला. “आमच्या बातमीत ‘संकेत’ असं म्हटलं होतं. ‘निर्णय’ असं म्हटलं नव्हतं.”

“मी तो शब्द स्वतः हजार वेळा घातलाय साहेब,” मेधा म्हणाली. “कधी घालतात ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही.”

काहीजण हसले. संपादक हसले नाहीत. अंबरीशनं मग आकडे मांडले, आणि छान मांडले. परतीच्या गाडीत त्याचा फोन वाजला, वडील म्हणत होते की त्या निळ्या साडीतल्या बाई कोण, फारच रोखठोक बोलल्या.

पुढच्या आठवड्यात कुरिअरनं बातमी दिली. मथळा, ‘डच संशोधकांची घोडचूक उघड’. मेधाचं नाव पूर्ण, आडनावासकट, आणि फोटोही. आपल्या स्वतःच्या बातमीबद्दल शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य. फेसबुकवर लगेच लोक बरसले, की या बाईला कुणी शिकवलं, हिला घरी पाठवा. शिरीष भडकला. मेधानं ते वाचलं, दोन वाक्यांतल्या चुका मनातल्या मनात दुरुस्त केल्या, आणि सायकलवरून भाजी आणायला गेली. खोटं कशाला बोला, टोचलं होतं तिला. पण त्या बातमीच्या शेवटच्या वाक्यात ‘सदर पोस्टपूर्वी आमचा अंक विक्रीस आला होता’ असं होतं, आणि नऊशेच्या नऊशे माणसं ते वाचणार होती, एवढं तिला पुरलं.

त्यानंतरच्या सोमवारी दुपारी फोन आला. दुकानवाला म्हातारा होता. “एक जण बोलणार आहे तुमच्याशी,” तो म्हणाला, आणि फोन कुणाच्या तरी हातात गेला.

“मी शीना.”

मेधा उभी राहिली. आर्याला हाक मारायची गरज पडली नाही. बाई सावकाश बोलत होती, एकेक शब्द वेगळा.

“लोक येऊन गेले,” शीना म्हणाली. “काल चर्चमध्ये तिघीजणी शेजारी बसल्या. सहा महिन्यांनी. तुम्हाला सांगावंसं वाटलं.”

“मला फार बरं वाटलं. तुमची काहीच चूक नव्हती.”

“होती.”

मेधाला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

“पेपरनं छापलं ते खरं,” शीना म्हणाली. “तुम्ही ते दाखवलंत, तुमचे उपकार आहेत. पण इअनला तो पाच वर्षांचा असल्यापासून मी जेवू घातलंय. गाजर खायचा नाही, मी कुस्करून घालायचे. त्याच्या आईचा नंबर माझ्या फ्रिजवर लावलेला होता. लिहायच्या आधी मी एक फोन करून विचारू शकले असते, बाळा, हे खरं आहे का. नाही विचारलं. ते पेपरनं केलं नाही आणि तुमच्या त्या मशीननंही केलं नाही. तेवढं माझं मला राहू द्या.”

मेधाकडे, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, दुरुस्त करायला काही नव्हतं. खिडकीबाहेर शेजारचे काका कुत्र्याला फिरवत चालले होते.

“तो आता कुठे असतो?” मेधानं शेवटी विचारलं.

“इअन? इथेच. बोटीवर काम करतो.”

“मग आता करा की फोन.”

पलीकडे दुकानात कुणीतरी ब्रेड मागत होतं, म्हातारा सुटे पैसे परत देत होता.

“काय म्हणू?” शीनानं विचारलं.

“आत्ता मला म्हणालात तेच.”

“चिडेल तो.”

“चिडू दे. तुम्ही जेवू घातलंय त्याला.”

मग मेधाला शीनाचा आवाज आला, पण तो तिच्यासाठी नव्हता. ती म्हाताऱ्याला विचारत होती की पावणेबाराची बोट लागली का. लागतेच आहे, तो म्हणाला. शीनानं फोन काउंटरवर तसाच ठेवला, आणि दुकानाचं दार उघडल्याचा आवाज मेधानं उइटहॉर्नमध्ये ऐकला.